डल्सी हार्टिगन आणि फ्यूज वायर

डल्सी हार्टिगनएवढी घाबरट बाई आमच्या टॅलोवुडमध्ये दुसरी नव्हती, आणि टॅलोवुड काही शूरवीरांची वस्ती नव्हे. वीज चमकली की ही घरातले आरसे चादरींनी झाकायची, सुऱ्या-काटे खणात कोंबायची आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायची. टेलिफोन वाजला तर आधी ॲप्रनला हात पुसायची, पलीकडच्याला ते दिसणार असल्यासारखी. लोक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोला.

पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसे डल्सीच्या पाठी पोलीस होते, आणि तेही लहानपणापासून. तिचा जन्म उत्तरेकडच्या उसाच्या गावातला. बाप ऊस तोडायचा. एका वर्षी संप झाला, पोलीस घरात शिरले, आणि पलंगाखाली लपलेल्या डल्सीला बापाचे फक्त पाय दिसले, उंबऱ्यावरून फरफटत जाताना. बाप परत आला, पण संपाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्यानंतर तिच्या आईनं एक रीत धरली. दर आठवड्याला चौकीवरच्या शिपायाला अंडी नेऊन द्यायची आणि आपल्या घरात काय चाललंय ते आपणच सांगून यायचं. कोण पाहुणा आला, कोण गेला, सगळं. "आपणच आधी सांगितलं की त्यांना यावं लागत नाही," असं ती म्हणायची. आईकडून डल्सीला दुसरं काही मिळालं नाही, एवढं शहाणपण मिळालं, आणि ते तिनं दागिन्यासारखं जपलं.

पुढे ती ब्रिस्बेन शहरात, आमच्या या टॅलोवुड वस्तीत आली आणि लेन नावाच्या ट्राम कंडक्टरशी तिनं लग्न केलं. महापालिकेनं ट्राम बंद केल्या आणि थोड्याच दिवसांत लेनही गेला, छातीत कळ येऊन. टॅलोवुड सुधार मंडळानं मग तिला आपल्या हॉलची राखणदार नेमलं. हॉल झाडायचा, खुर्च्या मांडायच्या, चहाचं मोठं पिंप तापवायचं आणि किल्ल्या सांभाळायच्या. राहायला हॉलच्या मागच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत ती आणि तिचा एकुलता एक नेव्हिल.

नेव्हिल बाटल्यांच्या कारखान्यात लागला होता आणि पहिल्या पगारातून त्यानं एक जुनी गिटार उचलून आणली होती. आमच्याकडची घरं खांबांवर उभी असतात, हॉलही तसाच. त्याच्याखाली, जिथे बाकीचे लोक कपडे वाळत घालतात, तिथे नेव्हिल आणि त्याचे दोघं सोबती धिंगाणा घालायचे. ग्वेंडा ही खाटकाची पोरगी ढोल बडवायची. रॉस गायचा, म्हणजे गाता येत नसल्याची त्याला लाज नव्हती. तिघांना मिळून गिटारचे तीन कॉर्ड येत होते. दर वेळी हॉलचा फ्यूज उडायचा आणि डल्सी खुर्चीवर चढून तार बदलायची. त्यावरून बँडचं नाव पडलं, फ्यूज वायर.

त्या काळी रेडिओवरची गाणी कशी, तर गिटारवाला एकदा सुटला की आपण चहा करावा, प्यावा, कप विसळावेत, तरी त्याचं चाललेलंच. या तिघांना तसं वाजवता येत नव्हतं आणि वाजवायचंही नव्हतं. यांचं गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं. पबवाले दारात उभे करत नसत. रेडिओवाल्यांनी तर त्यांची टेप पिशवीसकट परत दिली. शहरात अशी आणखी काही टोळकी होती, कुणी कुणाच्या घराखाली, कुणी गॅरेजमध्ये, आणि प्रत्येकाला वाटायचं की जगात असलं खूळ फक्त आपल्यालाच लागलंय.

मग एक दिवस इंग्लंडहून बोटीनं आलेलं, महिनोन्‌महिने शिळं झालेलं संगीताचं वर्तमानपत्र घेऊन नेव्हिल स्वयंपाकघरात आला.

"आई, आपण जे करतोय ना, त्याला नाव आहे. पंक."

"कुणी सांगितलं? डॉक्टरनं?"

"लंडनमध्ये चाललंय हे. न्यूयॉर्कमध्येपण. लोक पैसे देऊन ऐकायला येतात!"

"अरे देवा."

पण पोरगा पूर्ण खूश नव्हता. पेपर घडी करत म्हणाला, "आता बघ. आम्ही हे आधीपासून करतोय, पण सगळे म्हणणार, इंग्लंडची नक्कल मारताहेत."

डल्सीनं बटाटे सोलता सोलता विचारलं, "पण एवढ्या घाईघाईनं का वाजवता रे? जरा दमानं वाजवलं तर कळेल तरी."

"पोलीस यायच्या आत संपवायचं असतं ना," असं म्हणून तो हसला. डल्सी हसली नाही.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या वर्षी सरकारनं रस्त्यावरचे मोर्चेच बंद करून टाकले होते. केस कापलेली, शर्टाला पिना टोचलेली चार पोरं कोपऱ्यावर उभी दिसली की गाडी थांबायची. हिवाळ्यात नदीपलीकडच्या एका भाड्याच्या घरात फ्यूज वायर वाजवायला गेले, तिथे साध्या कपड्यांतली पोलिसांची माणसं शिरली. नेव्हिल घरी आला तो दुसऱ्या दिवशी. डाव्या हाताची दोन बोटं आइस्क्रीमच्या काडीला बांधलेली.

"दारात सापडली," तो म्हणाला.

"कुणाच्या दारात?"

"आई, चहा कर ना."

हाताच्या पाठीवर बुटाची टाच उमटली होती. दाराला टाच नसते, एवढं डल्सीलाही कळत होतं. तिनं चहा केला आणि त्यातला अर्धा बशीत सांडला. डॉक्टर म्हणाले, या वेळी हाड जुळेल. पुन्हा त्याच जागी मार बसला तर गिटार विसरा, शर्टाची बटणं लावता आली तरी नशीब समजा.

बोटं जुळली आणि नेव्हिल पुन्हा वाजवायला लागला. डल्सी रोज रात्री जीव मुठीत धरून त्याच्या पावलांची वाट बघायची. शेवटी तिनं हात जोडले. "बंद कर रे हे. माझ्यासाठी बंद कर."

"आणि काय करू? जन्मभर बाटल्या मोजू?" त्यानं आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त लागलं. "आई, मला हे एवढंच येतं गं. तेही नीट येत नाही."

तेव्हा त्या घाबरट बाईनं असं काही केलं की टॅलोवुडनं कानांना हात लावला असता. तिनं पोराला हॉल देऊ केला. भरदिवसा, शनिवारी दुपारी, तिच्या डोळ्यांसमोर. मंडळाला सांगायचं की वाढदिवस आहे. जे काय करायचं ते माझ्या छपराखाली करा, म्हणजे कुणी हात लावणार नाही. नेव्हिलनं तिला उचलून गरकन फिरवली. "तू आणि पंक! अगं म्हातारे!"

तो आनंदानं नाचत गेला आणि डल्सी रिकाम्या हॉलभर फेऱ्या मारायला लागली. आता कसं? आवाज रस्त्यापर्यंत जाणार, कुणीतरी पोलिसांना कळवणार. दोन रात्री तिला झोप नाही. तिसऱ्या दिवशी आईचा तो दागिना तिनं बाहेर काढला. ॲप्रनला हात पुसले आणि चौकीवर सार्जंट मेलिशला फोन लावला. हॉलवरच्या प्रत्येक नाचाच्या कार्यक्रमात या माणसानं तिच्या हातची पिकलेट, म्हणजे छोटी गोड धिरडी, हाणली होती.

"सार्जंट, आमच्या नेव्हचा वाढदिवस आहे शनिवारी दुपारी. जरा संगीत असेल. मोठ्यानं. म्हटलं, आपणच आधी सांगितलेलं बरं."

"बरं केलंस, डल्सी. कोण कोण येणार आहे?"

तिनं सांगितलं. बँडचं नावही सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं दुपारी चक्क झोप काढली.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. शनिवारी सकाळी ती खुर्च्या पुसत असताना मेलिशची गाडी फाटकाशी थांबली. तो उतरला नाही, काच खाली करून बोलला.

"डल्सी, ते तुझं मी शहरातल्या पथकाला कळवलंय. असले बँड असले की कळवायचंच, असा वरून हुकूम आहे."

"पण... तुम्ही याल ना? तुम्ही असलात की..."

"मी? मी आज मासे धरायला चाललोय." त्यानं आरशात बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. "नेव्हिलला म्हणावं... जाऊ दे. काही नाही. येतो."

डल्सीच्या तोंडचं पाणी पळालं. पोराला ज्यांच्यापासून लपवत होती, त्यांना तिनंच पत्ता दिला होता, वेळ दिली होती, नावंसुद्धा दिली होती! ती तडक खांबांखाली गेली. सांगून टाकायचं, कार्यक्रम मोडायचा, बस. नेव्हिल गिटारच्या तारा ताणत बसला होता. ती दोन बोटं उघडून-मिटून बघत होता.

"आई, ऐक ना," तो म्हणाला. "पहिल्यांदाच असं झालंय की वाजवायचंय आणि पोटात गोळा नाही. तू वर आहेस ना, म्हणून."

"जेवलास का?" एवढंच विचारून ती वर आली.

गाणं ऐकायला येणारी पोरं शहरभरातून निघाली असणार, त्यांना आता कोण थांबवणार? हॉलच्या मधोमध ती उभी राहिली, आणि त्या भीतीतच तिला सुचलं. शूर माणसाला हे सुचलं नसतं. तिनं मंडळाच्या अध्यक्षीण आयव्ही ट्रेगरला फोन केला. या आयव्हीला खाटीकसुद्धा वजनात मारायला घाबरायचा.

"आयव्ही, दुपारी हॉलवर या. नेव्हचा वाढदिवस आहे. सगळ्या बायकांना घेऊन या."

"आमंत्रण असं ऐनवेळी देतात होय? कमाल आहे तुझी!"

"बायकांनी येताना ताट आणायचंय," डल्सी म्हणाली.

बस, काम झालं. आमच्याकडे लग्न असो, मयत असो, बायकांनी ताट आणायचं म्हटलं की आणायचंच. ताट म्हणजे भरलेलं ताट. ते नाकारलेली बाई अजून जन्माला यायची आहे. दुपारी डझनभर बायका टोप्या घालून हजर झाल्या. करी घातलेल्या अंड्याची सँडविचं, सॉसेज रोल, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, सगळं आलं. पाठोपाठ पोरं आली, पन्नासएक तरी असतील. कुणाच्या कानात पिन, कुणाच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा, एकीनं तर कचऱ्याची काळी पिशवीच अंगात घातलेली. बायका एका भिंतीला, पोरं दुसऱ्या. मध्ये ताटांचं टेबल. पोरांनी आधी टेबलाकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि मग टेबलावर अशी तुटून पडली की आयव्हीला गहिवरून आलं. "यांना घरी कुणी जेवायला घालत नाही वाटतं," ती म्हणाली.

मग फ्यूज वायर सुरू झाले. खिडक्यांची तावदानं खडखडली. आयव्हीच्या टोपीवरच्या कापडी चेरी नाचायला लागल्या. शेजारच्या बाईनं कानात बोटं घालून ओरडून विचारलं, "त्या गाणाऱ्या पोराला कुठे दुखतंय का गं?" डल्सीला काही ऐकू येत नव्हतं. तिचे डोळे दाराला चिकटलेले.

ते आले. दोन गाड्या आणि एक बंद व्हॅन. तपकिरी सुटातला एक माणूस दारात उभा राहिला, त्याच्यामागे पाचसहा जण. गाणं मध्येच तुटलं. पोरं मागे सरकली आणि नेव्हिलनं डावा हात पाठीमागे घेतला. ते बघून डल्सीचं काळीज फाटलं. तिला पुढे व्हायचं होतं, पण पाय उचलेनात.

उठली ती आयव्ही. "टोपी," ती म्हणाली.

"काय?"

"हॉलमध्ये टोपी काढतात. तुमच्या आईनं शिकवलं नाही का?"

तपकिरी सुटानं टोपी काढली. "बाई, इथे तक्रार आहे की..."

"कुणाची तक्रार? या रस्त्यावर राहणाऱ्या आम्ही सगळ्या इथेच बसलोय." आयव्हीनं त्याच्यासमोर ताट धरलं. "अंड्याचं सँडविच घ्या."

त्यानं भिंतीकडे बघितलं. डझनभर म्हाताऱ्या मांडीवर पर्स घेऊन त्याच्याकडे एकटक बघत होत्या. त्यानं सँडविच घेतलं आणि निघून गेला. पोरांनी छप्पर उडेल असा आरडाओरडा केला, ग्वेंडानं ढोल झोडला आणि गाणं तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. डल्सीच्या जिवात जीव आला. ती खिडकीशी गेली.

गाड्या गेल्या नव्हत्या. रस्ता ओलांडून समोरच्या आंब्याच्या सावलीत उभ्या होत्या. इंजिनं बंद, काचा खाली. माणसं निवांत बसली होती. त्यांना घाई नव्हती. बायका काय, कधीतरी घरी जाणारच होत्या.

उन्हं कलली तशा बायका घड्याळं बघायला लागल्या. नवऱ्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. आयव्हीनं पर्स उचलली, तशी डल्सीनं तिची बाही घट्ट धरली.

"जाऊ नका. तुम्ही गेलात की ते आत येतील. माझ्या पोराची बोटं, आयव्ही... मागच्या वेळी त्यांनी..."

आयव्हीनं खिडकीतून आंब्याखालच्या गाड्या बघितल्या. मग वळली आणि मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए, पिनवाल्या! हो, तूच. माझं ताट घे आणि मला घरापर्यंत सोड. तू, पट्टेवाली, तू माझी पर्स घे. मला गुडघ्यांचा त्रास आहे. आणखी दोघं या हाताला धरायला."

बाकीच्या बायकांना समजावून सांगावं लागलं नाही. पोरं लहान असोत, मोठी असोत, बायकांना जमाव पांगवायचा सराव असतो. एकेक म्हातारी चार-चार पोरं घेऊन बाहेर पडली. कुणाच्या हातात रिकामं ताट, कुणाच्या हातात झाकण, कुणी छत्री धरलेली. कचऱ्याच्या पिशवीतल्या मुलीकडे तर केकचा डबा होता, आणि ती तो देवघरातली मूर्ती न्यावी तसा नेत होती. पोलीस बघत राहिले. म्हातारीच्या हातातून पोरगं ओढून काढायचं धाडस कुणाला होईना, तेही भर रस्त्यात, सगळे खिडक्यांतून बघत असताना.

हॉल रिकामा झाला. रॉस गेला, ग्वेंडा गेली. शेवटी उरले नेव्हिल आणि डल्सी. मागच्या गल्लीच्या तोंडाशीही एक शिपाई उभा होता, तेव्हा तिथून सुटका नव्हती. डल्सीनं स्वतःचं ताट नेव्हिलच्या हातात दिलं. "चल. आयव्हीकडे जाऊ. मला धर."

फाटकापर्यंत जाताना तो तिच्या कानाशी कुजबुजला, "आई, काय बाई आहेस तू! हे सुचलं कसं तुला? सगळ्या शहराला सांगणार आहे मी." तिला त्याच्या छातीची धडधड दंडाला जाणवत होती. तिची स्वतःची तर थांबल्यातच जमा होती. आणखी थोडं, देवा. त्या आंब्यापलीकडे गेलो की झालं.

तपकिरी सुटातला माणूस गाडीला टेकून उभा होता. तो त्यांना आडवा आला नाही. त्यानं फक्त टोपी उचलली.

"मिसेस हार्टिगन ना? फोन केलात त्याबद्दल आभारी आहोत. तुमच्यासारखी माणसं असली की आमचं काम सोपं होतं."

तो हे मुद्दाम म्हणाला. हसत म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.

नेव्हिल थांबला. "कसला फोन?"

खोटं बोलायला डल्सीला एक क्षण होता, पण पोराच्या तोंडावर खोटं बोलायची तिला भीती वाटायची. "मी केला होता. मेलिशला. मला वाटलं आपणच आधी सांगितलं की... तुला कुणी मारू नये म्हणून रे. नेव्ह, तुझ्या हातासाठी..."

तो रागावला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. त्यानं तिच्याकडे तसं बघितलं, जसं तो गाड्यांकडे बघत होता. मग ताट हळूच तिच्या हातात ठेवलं, आपला दंड सोडवून घेतला आणि पोलिसांच्या गाड्यांसमोरून एकटा चालत गेला. कुणी त्याला हात लावला नाही. त्यांनी गाड्या सुरू केल्या आणि ते दुसऱ्या दिशेनं निघून गेले.

तो आधी सिडनीला गेला आणि मग लंडनला, असं ग्वेंडाकडून कळलं. तिकडे तो वाजवतो, हेही कळलं. डल्सी आणखी बरीच वर्षं हॉलच्या मागच्या खोल्यांत राहिली. त्या दिवसापासून तिनं मागच्या दाराला कडी लावली नाही. पानं वाजली, मांजरानं कुंपणावरून उडी मारली तरी ती अंथरुणात दचकून उठून बसायची आणि उजाडेपर्यंत अंधारात दाराकडे बघत राहायची. तिला भीती वाटायची, रोज वाटायची. तरी ती उठून कडी लावत नसे.